नव्वदची कोरी पट्टी

ढाल घासायला घरी आणली ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे ती चष्मा लावून घासली.

ढाल म्हणजे लढाईतली नव्हे. पेडण्याचं सुबोध हायस्कूल आणि डिचोलीचं विवेकवर्धिनी यांच्यात दर जानेवारीत क्रिकेटची एक मॅच होते. जिंकेल त्या शाळेकडे ही लाकडी ढाल वर्षभर राहते आणि तिच्यावर त्या वर्षाची एक पितळी पट्टी बसते. यंदा आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे सुबोध. मी मूळचा केरीचा, सुबोधचा माजी विद्यार्थी, नोकरीने सरकारी कारकून, आणि राहतो मात्र कारापूरला, म्हणजे ऐन शत्रूच्या तालुक्यात. कारण बायको तिथली. ती विवेकवर्धिनीत शिकली, तेही मी पोटात घातलं. पण तिचा थोरला भाऊ शिवदास हा विवेकवर्धिनीचा विकेटकीपर निघाला, आणि ते मात्र आजतागायत पोटात गेलेलं नाही. त्याच्याविषयी पुढे येईलच. आधी चिंच आणि मीठ घेऊन बसू.

रविवारची सकाळ होती. पोदेर, म्हणजे पाववाला, नुकताच गरम पोई देऊन गेला होता. मी सोप्यावर ढाल आडवी टाकून एकेक पट्टी घासत होतो आणि माझी मुलगी हर्षा समोर कायद्याचं पुस्तक उघडून, त्यात न बघता, माझ्याकडे बघत होती. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अशी माणसं घरात असली की साधी गोष्टसुद्धा पुराव्यानिशी करावी लागते.

"पपा, पंचेचाळीस पट्ट्यो आसात," ती म्हणाली. "बावीस तुमच्यो, बावीस आईच्यो. ही नव्वदची कोरी कित्याक?"

आत सुविधा मिक्सरवर वाटण वाटत होती. मिक्सर बंद पडला. वीज गेली नव्हती.

"तसंच आहे ते," मी म्हटलं आणि नव्वद सोडून एक्याण्णव घासायला घेतलं.

तसंच नव्हतं. त्या कोऱ्या पट्टीवर मी होतो. सन एकोणीसशे नव्वद, मी दहावीत, शेवटची जोडी मैदानात, जिंकायला दोन धावा हव्यात. चेंडू आला, मी बॅट फिरवली, चेंडू मागे गेला आणि शिवदासने दोन्ही हात वर करून अशी बोंब ठोकली की पलीकडच्या काजूच्या बागेतले कावळे उडाले. झेल घेतला म्हणे. मी बॅट काखेत मारून उभा राहिलो आणि म्हटलं, लागलीच नाही.

आता आमच्या मॅचचा एक नियम तुम्हाला सांगितला पाहिजे, कारण तो क्रिकेटच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. पंच दोन, प्रत्येक शाळेचा एक मास्तर. पहिल्याच वर्षी एका पायचीतवरून मारामारी झाली, तेव्हापासून ठरलं की दोघांचंही बोट वर गेलं तरच खेळाडू बाद. परिणाम असा की पंचेचाळीस वर्षांच्या मॅचमध्ये पायचीत झालेले गडी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक स्वतःहून घरी गेला होता. तर त्या दिवशी त्यांच्या मास्तरांचं बोट वर गेलं आणि आमच्या मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून क्षितिजाकडे पाहायला सुरुवात केली. तासभर ते क्षितिज पाहत होते. नियमाने मी नाबाद, पण विवेकवर्धिनी पुढचा चेंडूच टाकेना.

शेवटी मैदानाच्या कडेला बसलेल्या कोणा म्हाताऱ्याने सुचवलं, देवीला विचारा. मैदानाला लागूनच देऊळ. आमच्याकडे विहीर खणायची असो, लग्न ठरवायचं असो, देवीचा प्रसाद घेतल्याशिवाय काही होत नाही. भटजी फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही मास्तर सोवळ्याच्या उंबऱ्यापाशी हात जोडून उभे राहिले आणि भटजींनी विचारलं, पोरगा आऊट काय?

पाकळ्या पडल्या नाहीत. पाच वाजले, साडेपाच वाजले. उजवी जाग्यावर, डावी जाग्यावर. बाहेर शेवटच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि मग खरंच बस सुरू करून निघाला, तेव्हा दोन्ही शाळा पाकळ्या तशाच सोडून तिच्यामागे धावल्या. नंतर कधीतरी त्या पडल्या असतीलच. आधी कुठली पडली हे एक देवीला ठाऊक आणि दुसरं सकाळच्या केरसुणीला.

तेव्हापासून केरीत माझं नाव 'नॉटआउट गुरुदास'. दुकानात उधारी मागणारासुद्धा आधी नॉटआउट म्हणतो. माझ्या लग्नात वरात निघाली तेव्हा मित्रांनी बॅटी उंच धरून त्यांची कमान केली होती, आणि शिवदास तिच्याखालून न येता बाजूने आला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी पाऊसपाणी, दुखणंखुपणं, काजूचा भाव, सगळं बोलतो. क्रिकेटचा विषय निघाला की मात्र बोलणं सुविधामार्फत होतं. "सुविधा, भावोजींक सांग, लबाड मनशाक देव पावना," असं तो चहा पिता पिता म्हणतो, आणि मी समोर बसलेला असतो.

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगतो, ती मी कोणाला सांगितलेली नाही. लागली होती. फार नव्हे. कडेला, अगदी हळूच, पण बॅटीच्या मुठीपर्यंत कळलं होतं. पंधरा वर्षांचा पोर होतो, मागे अख्खी शाळा ओरडत होती, तोंडातून 'लागलीच नाही' निघून गेलं. मग ते परत आत कसं घ्यायचं हे कळलं नाही. पस्तीस वर्षं झाली, अजून कळलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं की ही कोरी पट्टी एकदाची भरून टाकायची, तीही कोणाला न दुखावता. चिठ्ठीवर 'अनिर्णित' असं लिहिलं आणि ढाल घेऊन म्हापशाला नाव कोरणाऱ्याकडे गेलो. साधं काम, दहा मिनिटांचं. त्या सद्गृहस्थाने चिठ्ठी वाचली, ढाल वाचली, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"अनिर्णित कोणें थारायलें?" त्याने विचारलं.

"मी."

"तुमी कोण?"

हा प्रश्न कार्यालयात मी लोकांना विचारतो, त्यामुळे त्याचा अपमान मला नेमका समजला. त्याची आई निघाली डिचोलीची. दोन्ही शाळांची सही-शिक्क्याची पत्रं आणल्याशिवाय मी पितळेला हात लावणार नाही, असं त्याने सांगितलं. आणि मला पत्रांचा मोह आवरत नाही, हा माझा धंद्यातला रोग. मी दोन्ही मुख्याध्यापकांना रीतसर पत्र लिहिलं: विषय, संदर्भ, महोदय.

इथे माझ्या हातून गोष्ट सुटली. सुबोधच्या मुख्याध्यापिका सत्यवती बाईंना पत्र वाचून हर्ष झाला. बावीस-बावीस आहे, म्हणजे ही पट्टी ज्याची तो पुढे, हे मी लिहिलं नव्हतं, ते त्यांनी तोंडी हिशेबाने काढलं. "परबसर, अनिर्णित कसलें? तुमी नॉटआउट. तेवीस आमचे!" त्यांनी उत्साहाने विवेकवर्धिनीला पत्र पाठवलं. विवेकवर्धिनीने तितक्याच उत्साहाने उत्तर दिलं की खेळाडू बाद असल्यामुळे तेवीस त्यांचे. दोन्ही पत्रांची प्रत माहितीसाठी मला. मला एवढी माहिती नको होती.

शेजारचे बाबली नाईक रोज संध्याकाळी सल्ला घेऊन येतात. पूर्वी खाणीच्या ट्रकांवर होते. खाण बंद पडल्यापासून सल्ले देतात. "माहिती अधिकाराखाली अर्ज घाल," ते म्हणाले.

"कोणाला?"

"देवस्थानाक. नव्वदात पाकळी खंयची पडली ती सांगा म्हण. तीस दिसांत जाप दिवंकच जाय."

देवस्थान तीस दिवसांत उत्तर देणार या कल्पनेने मला हसू आलं, पण मनात एक किडाही वळवळला. खरंच, त्या दिवशी काय लिहिलं गेलं असेल? कुठे काहीतरी लिहिलेलं असणारच. हा किडा माझ्यात जन्मजात आहे. फाइल बंद असली की मला ती उघडून बघावीशी वाटते, ती माझ्याविरुद्धची असली तरी. सुबोधची स्कोअरवही वाळवीने चाटूनपुसून खाल्ली होती, फक्त पुठ्ठा उरला होता. विवेकवर्धिनीची मात्र शाबूत. तीन खेपा घालून, एक अर्ज देऊन आणि शिपायाला माझ्या नोकरीचा हुद्दा दोनदा सांगून ती मला एका बाकावर बसून बघायला मिळाली.

शेवटच्या पानावर माझं नाव होतं: 'गु. परब, ७'. बाद कसा, या रकान्यात एक आडवी रेघ. आणि खाली निकालाच्या ओळीत लिहिलं होतं: 'निकाल देवीकडे'. सरळ, गोल, आपल्या मताची खात्री असलेलं अक्षर. हे अक्षर मी ओळखत होतो. आमच्या स्वयंपाकघरात 'धणे', 'सोलां', 'हिंग वेगळा' असं ज्या डब्यांवर लिहिलंय ते हेच.

"स्कोअरर तूं आशिल्लें?" घरी येऊन मी सुविधाला विचारलं.

"आशिल्लें," ती म्हणाली. "नववींत. अक्षर बरें म्हण."

"पंचवीस वर्षांत बोलली नाहीस!"

"तुमी विचारलें ना." आणि तिने तव्यावरची पोळी उलटली.

दरम्यान दोन शाळांनी मिळून देवस्थान समितीला अर्ज केला होता की नव्वदचा राहिलेला प्रसाद पुन्हा घ्यावा. समितीच्या फॉर्मवर कारणाचे रकाने होते: घर, विहीर, लग्न, जमीन, आजार, इतर. आम्ही इतर. उत्तर आलं ते मी दोनदा वाचलं. आताचे भटजी हे तेव्हाच्या भटजींचे चिरंजीव. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या वडिलांना अखेरपर्यंत एक रुखरुख होती: त्या दिवशी चुकीच्या माणसांनी विचारलं. गाऱ्हाणं मास्तरांनी घातलं, आणि मास्तरांपैकी कोणाच्या हातात बॅट नव्हती की ग्लोव्हज. ज्यांच्यात वाद त्यांनीच देवीसमोर उभं राहून, आपल्या तोंडाने, घडलं तसं सांगायला हवं. मगच पाकळी लावता येईल. म्हणजे मी. आणि शिवदास.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. कार्यालयात खोटं बोलणं वेगळं. तिथे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. पण देवीसमोर उभं राहून 'लागलीच नाही' म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर केरीला कुठल्या तोंडाने जायचं? बाबली म्हणाले, आजारी पड. मी मनोभावे प्रयत्न केला, पण सुविधाने थर्मामीटर आणला. "वचात," ती म्हणाली, "आनी जें घडलां तें नितळ सांगून येयात." तिने 'नितळ' या शब्दावर जरा जास्तच जोर दिला असं मला उगाच वाटलं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे माझ्या गाडीतून निघालो. शिवदास मागे, सुविधा माझ्या शेजारी. त्याने मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण तोंड कसनुसं होतं. वाटेत तो एकदाच बोलला: "सुविधा, भावोजींक सांग, चवथो गियर घाल." मी घातला.

देवळात बरीच माणसं होती. सत्यवती बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेल्या. विवेकवर्धिनीचे हेडमास्तर त्यापेक्षा मोठा बॉक्स घेऊन. भटजी तरुण, चष्मेवाले. त्यांनी आम्हा दोघांना गाभाऱ्यासमोर उभं केलं आणि सुविधाला बाजूच्या खांबापाशी बसायला सांगितलं.

"सांग," ते मला म्हणाले.

मी हात जोडले. "सदर सामन्यात, दिनांक चौदा जानेवारी रोजी, प्रतिवादी गोलंदाजाने टाकलेला चेंडू..."

"अर्ज नाका," भटजी म्हणाले. "घडलां तें सांग."

समईची वात सरळ जळत होती. मी मागे वळून पाहिलं तर सत्यवती बाईंनी मला अंगठा दाखवला. पस्तीस वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य तयार होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"लागला," मी म्हटलं. "बॅटीला लागला होता. मी खोटं बोललो."

मला भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी इतकं हलकं वाटलं की मी खांबाला धरलं. आता शिवदास नाचणार, मला वाटलं. पस्तीस वर्षं मला लबाड म्हणत होता, त्याचा दिवस होता. पण तो खांबावरचा रंग नखाने खरवडत उभा होता.

"भावोजी, तुमचें सांगून जालें?" तो म्हणाला. सुविधामार्फत नाही, थेट मला. "मागीर म्हजें आयका. चेंडू हातांत येवचे आदीं भुंयेक लागिल्लो. म्हाका खबर आशिल्लें. तरी हांवें बोब मारली."

"मग नॉटआउटच!" सत्यवती बाई मागून ओरडल्या. "चेंडू भुईला लागला, कबूल केलंन!" विवेकवर्धिनीचे हेडमास्तर त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत. दोन पेढ्यांचे बॉक्स एकमेकांसमोर उभे राहिले. आणि या गोंधळात खांबापाशी बसलेली माझी बायको शांतपणे म्हणाली:

"दोनूय म्हाका खबर आशिल्लें."

पेढ्यांचे दोन्ही बॉक्स खाली आले.

"स्कोअरचें टेबल दादाचे फाटल्यान आशिल्लें," ती म्हणाली. "बॅटीचो आवाज हांवें आयकल्लो. चेंडू भुंयेक लागिल्लो हांवें पळयल्लो. दोगूय खोटें सांगताले."

"मग सांगितलं का नाहीस?" आम्ही दोघेही एकदम म्हणालो.

"तेन्ना हो भाव आशिल्लो म्हण सांगूंक ना. मागीर तुमी घोव जाले, तुमचेंय सांगूंक ना. वहींत रेघ मारली आनी निकाल देवीकडे म्हण बरयलें. आनी कितें करतलें? पंचवीस वर्सां दोगांचेंय आयकतां. हो म्हणटा तो लबाड. तो म्हणटा हो लबाड. दोगांयचें खरें."

मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिच्या हातचं खात, तिच्या भावाला खोटारडा ठरवत होतो, आणि ती पोळी उलटत होती. मी आता कायद्याने, साक्षीपुराव्याने, चारचौघांत नाबाद ठरलो होतो, आणि मला त्याचा कवडीचाही अभिमान वाटत नव्हता.

भटजींनी पाकळ्या भिजवून ठेवल्या होत्या. ते ताटली हातात घेऊन आमच्याकडे पाहत राहिले. "आतां देवीक विचारूं कितें? सगळें तुमीच सांगलें."

खरंच, प्रश्नच उरला नव्हता. पट्टीवर काय कोरायचं ते दोन शाळांनी बघावं. त्यांनी तिथल्या तिथे संयुक्त उपसमिती नेमलीही होती. मग सुविधा उठली, पदर सावरून गाभाऱ्यासमोर आली.

"लायात पाकळी," ती म्हणाली. "म्हजो एक प्रस्न आसा. हे दोगूय आतां तरी ह्या विशयार गप्प रावतले काय?"

भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं. ते संपायच्या आतच डावी पाकळी टपकन खाली पडली. देवीने एवढी तत्परता कधी दाखवली नव्हती असं भटजी म्हणाले. सुविधाने नमस्कार केला, प्रसाद घेतला, माझ्या खिशातून गाडीची चावी काढली आणि पुढे गेली.

मी आणि शिवदास चपला घालत होतो. "पूण भावोजी," तो म्हणाला, "नॉटआउट तें नॉटआउट. दोन धावो तुमी काडपाचेच नाशिल्ले."

"का नाही? पुढचाच चेंडू मी मिडऑनवरून टोलवला असता."

"मिडऑनाक कोण आशिल्लो तें याद आसा?"

"मग लेगला."

"खंय लेग? राव, हांव दाखयतां."

पायऱ्यांच्या खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शिवदास गुडघ्यावर हात ठेवून वरच्या पायरीवर वाकला होता आणि मी देवळाची छत्री बॅटीसारखी धरून त्याला सांगत होतो की जरा मागे सरक, तू यष्टीला फार चिकटून उभा होतास. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या मध्ये सुविधा नव्हती.